हवेतली मुळं

१० फेब्रुवारी, मंगळवार

अगं,

तेहेतीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सुरुवात कशी करायची यातच दहा मिनिटं गेली. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू ते बहिणीला वाचून दाखवून हसली असतीस. म्हणून हाक मारतो तसंच लिहिलंय. फोन तू उचलत नाहीस. मेहुणीबाई उचलतात आणि "ती बाथरूममध्ये आहे" म्हणतात. तीन आठवडे कोणी बाथरूममध्ये राहत नाही, एवढं मलाही कळतं. आणि दोन बस बदलून यायचं नि दारातूनच परत जायचं, इतका काही मी रिकामा नाही.

मुद्द्यावर येतो. काल सकाळी डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून फोन आला. दोन सोमवार झाले, त्यांचं काउंटर रिकामं आहे. रिसेप्शनवरच्या बाई बोलल्या गोडच, पण जाता जाता म्हणाल्या, चौकातला फुलवाला येऊन गेला, "आम्ही लावून देतो" म्हणतोय. माझं डोकंच सटकलं. तीन वर्षं त्या काउंटरवर तुझी ऑर्किडं उभी आहेत आणि हा प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या लावणारा माणूस तिथं घुसणार? मी म्हटलं, "दुपारपर्यंत फुलं येतील." त्या म्हणाल्या, "बाई बऱ्या आहेत ना?" म्हटलं, "गुडघा धरलाय. बाकी ठीक."

तर बाजारातून फुलं आणली, तुझ्या मागच्या खोलीतला तो हिरवा स्पंज घेतला, फुलं खोचली आणि नेऊन दिली. ठीक झालं. तू येईपर्यंत तुझी जागा मी धरून ठेवतोय, एवढंच कळवायचं होतं.

आता मुळांचं. तू चार दिवस फुलांचा क्लास घ्यायला बाहेरगावी गेलीस. बाल्कनीतल्या कुंड्यांमधून मुळं बाहेर लोंबत होती, राखाडी, जाड, जिकडंतिकडं. छत्तीस वर्षं मी लेथवर काढली. लोखंड कापलं की काठाला जी टोकं उरतात, ती कानशीनं घासून काढल्याशिवाय आमच्याकडं जॉब पुढं जात नाही. हात शिवशिवले. कापून सारखी केली. वर चांगली काळी माती भरली, कारण तू त्या झाडांना नुसत्या सालपटांत ठेवलं होतंस आणि मला त्यांची दया आली. ऑर्किड हवेतल्या त्या मुळांनीच पाणी पितं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू जाताना दारात काही बोलली असशील तर ते मला ऐकू आलं नाही. मशीनशेजारी उभं राहून माझे कान गेलेत, हे तुला माहीत आहे.

एकतीस कुंड्या मेल्या. मान्य. पण कुंड्यांसाठी कोणी घर सोडतं का?

उत्तर टाक.

मी


१९ फेब्रुवारी, गुरुवार

अगं,

उत्तर नाही आलं. ठीक आहे.

मागच्या पत्रात 'ठीक झालं' असं लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नव्हतं. सोमवारी नेलेली फुलं बुधवारी माना टाकून बसली. रिसेप्शनवरच्या बाईंनी फोन करून विचारलं, "काका, गुडघा फारच दुखतोय का हो त्यांचा? फुलांवरून कळतंय." म्हटलं, हवा खराब आहे.

मग तुझ्या त्या बाजारातल्या मावशीकडं गेलो. लोखंडी स्टुलावर बसून जुड्या बांधणारी, तीच. तिनं मला एका नजरेत ओळखलं. "तुम्हीच ना मुळं कापणारे?" म्हणाली. म्हणजे बातमी बाजारापर्यंत पोचलीय. दोन गिऱ्हाइकांसमोर तिनं माझी अशी बिनपाण्यानं केली की शेवटी त्या गिऱ्हाइकांनाच माझी कणव आली. पण सांगितलं सगळं. तो हिरवा स्पंज पाण्यात दाबून बुडवायचा नसतो म्हणे. पाण्यावर ठेवून द्यायचा, आपला आपण प्यायला की बुडतो. दाबला तर आत हवा अडकते, वरून ओला दिसतो आणि पोट कोरडं राहतं. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता, जणू मांजराला आंघोळ घालतोय.

काल फ्रिजचा प्रयोग झाला. गुलाब फ्रिजमध्ये टिकतात, म्हणून ऑर्किडची जुडी खालच्या कप्प्यात ठेवली. सकाळी पाकळ्यांवर तपकिरी डाग, भाजल्यासारखे. मावशीला फोन केला तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, "ती उष्ण प्रदेशातली आहेत, त्यांना थंडी सोसत नाही. तुम्हाला फ्रिजमध्ये ठेवलं तर?"

तरी या सोमवारची आजपर्यंत उभी आहे. दांडे तिरपे कापले, पाण्याखाली धरून कापले. प्रत्येक दांड्याचा कोन पंचेचाळीस अंश. कोनमापकानं बघितला. हस हवं तर.

मी


३ मार्च, मंगळवार

अगं,

एक गोष्ट कळवायलाच हवी. येत्या अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, हॉस्पिटलच्या नव्या ऑपरेशन विभागाचं उद्घाटन आहे. डॉक्टरीणबाई काल स्वतः काउंटरवर आल्या. मधल्या गोल टेबलावर मोठी रचना हवी, चारी बाजूंनी बघता येईल अशी. "आणि ती बाईंनीच करायची," म्हणाल्या. "पाहुणे येणार आहेत. दोन मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांच्यात. बाईंची ओळख करून देते. त्यांना हेच काम आठवड्याला चार ठिकाणी मिळेल."

अगं, चार ठिकाणी! तू गेल्या वर्षी मला म्हणाली होतीस की एका काउंटरवर जीव लावून काही होत नाही, आणखी दोन मिळाली तर मागची खोली रीतसर कामाला लावता येईल. मी पेपर वाचत होतो. 'हं' म्हटलं होतं.

मी डॉक्टरीणबाईंना 'हो' म्हणून आलोय. आता तू ये. घरी नको येऊस, मला बघूही नकोस. मी सकाळी निघून जाईन आणि संध्याकाळी येईन. मागच्या खोलीत काम कर आणि जा. पण ही संधी घालवू नकोस. वीसपर्यंत कळव, म्हणजे मावशीला फुलं सांगून ठेवता येतील.

परवा लेकीचा फोन आला होता. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या आईला समजाव, कुंड्या काय पुन्हा घेता येतील. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आई फक्त कुंड्यांसाठी गेली असं तुम्हाला खरंच वाटतं?" आणि फोन ठेवला. तुझ्यावरच गेलीय. प्रश्न टाकायचा आणि निघून जायचं.

मी


१५ मार्च, रविवार

अगं,

चार पत्रं झाली. हे चौथं. मेहुणीबाईंना विचारलं, "मिळतात का?" त्या म्हणाल्या, "मिळतात. वाचतेही. घडी घालून ठेवते." पुढं? "पुढं काही नाही, भावजी. तुम्ही जेवता ना नीट?"

जेवतो. पाव आणि उकडलेली अंडी. माझं जेवण जाऊ दे.

मला राग आलाय आणि तो मी लिहिणार. माणूस चुकतो. मी काय दारू पितो? हात उचलला कधी? पगार घरात दिला, लेकीला शिकवलं, तुझ्या खोलीत फळ्या ठोकून दिल्या. एका चुकीपायी तू तेहेतीस वर्षं दारातल्या चपलेसारखी सोडून गेलीस. आणि वर हे गप्प बसणं. भांड की! तू भांडलीस तर मला निदान काही सुचेल.

हे लिहिलं, बरं वाटलं. खोडत नाही.

तू नाही आलीस तर ती रचना मी करणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. काउंटर चौकातल्या फुलवाल्याला जाऊ देणार नाही, मग मला रोज दहा वेळा करून मोडावी लागली तरी चालेल. जेवणाच्या टेबलावर आता फुलंच असतात. दांड्यांना पाणी देणाऱ्या नळ्या, तार, कात्री, ओली वर्तमानपत्रं. मी उभ्यानं खातो.

आणि एक सांगू? पहिल्या आठवड्यात मी ड्रॉइंग काढून काम करायचो. मधोमध उंच, दोन्हीकडं सारखी उतरती, एका बाजूला सात तर दुसऱ्या बाजूला सात. मापायला व्हर्निअर लावला असता तरी चूक सापडली नसती. आणि दिसायचं कसं, तर कवायतीला उभी केलेली शाळा. परवा एक दांडा वाकडा निघाला. फेकणार होतो. तेवढ्यात जरा फिरवून बघितला, तर त्याचं वरचं फूल एकदम माझ्याकडं बघायला लागलं. बाकीची कुठंतरी बघतायत आणि हे माझ्याकडं. मी त्या वाकड्या दांड्यापायी पूर्ण सकाळ घालवली. बाकीचे सगळे त्याच्या कलानं लावले.

तू काय करत बसतेस त्या खोलीत तासन्‌तास, असं मी विचारायचो ना, त्याचं उत्तर थोडंसं मिळालं.

मी


२२ मार्च, रविवार

अगं,

वीस तारीख गेली. तू येत नाहीस, हे कळलं. मावशीला चाळीस दांडे सांगितलेत.

आज मात्र फुलांचं लिहायला बसलो नाही. लेकीचा प्रश्न तीन आठवडे डोक्यात घण घालतोय. कागद दोनदा फाडला. आता फाडणार नाही.

मला ऐकू आलं होतं.

तू बॅग उचललीस, दारात थांबलीस आणि म्हणालीस, "हवेतल्या मुळांना हात लावू नका बरं. ती वेडीवाकडी दिसतात, पण झाडं त्यांच्यावरच जगतात." मी 'बरं' म्हटलं. तुझा शब्दन्‌शब्द मला ऐकू आला होता. कान गेलेत ते मशीनच्या आवाजापुरते. तुझ्या आवाजाला ते कधी गेले नव्हते.

त्याआधीच्या रविवारी आपण कारखान्याच्या जुन्या लोकांच्या भेटीला गेलो होतो. माझे साहेब भेटले. ज्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली ते. त्यांच्या बायकोनं तुझा हात धरला, हॉस्पिटलमधल्या फुलांचं कौतुक केलं आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही यांचे मिस्टर का? काय करता?" बावीस वर्षं, आणि 'काय करता'. साहेब हसले. मीही हसलो. तू नाही हसलीस, तू माझ्याकडं बघितलंस. तू माझी कीव केलीस असं मला वाटलं, आणि ते त्या बाईच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं.

तीन दिवसांनी तू क्लासला गेलीस. लोक तुला बाहेरगावी बोलावतात, राहायची सोय करतात आणि मी घरात दूधवाल्याची वाट बघतो. पहिले दोन दिवस मी कुंड्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कटर घेतला. हात-बित काही शिवशिवले नव्हते. ते मी नंतर बनवलं आणि इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

झाडं मरावीत असं मला वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. पण काय वाटत होतं तेही चांगलं नाही. वाटत होतं, थोडी आजारी पडतील. मग तू क्लास-बिस सोडशील, महिना दोन महिने घरात राहून त्यांचं करत बसशील. आणि मी दुपारी चहा करून तुला बाल्कनीत आणून देईन. इतकंच. एवढ्यासाठी मी तुझी एकतीस झाडं कापली.

माती मात्र दयेनं नाही भरली. कापलेलं दिसू नये म्हणून भरली.

तू आलीस, एक कुंडी उकरलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मी म्हटलं, "मला काय माहीत?" तुला घर सोडायला लावलं ते या तीन शब्दांनी, असं आता मला वाटतं. मुळांनी नाही.

माफी मागतो. मागून काही उगवत नाही, तरी मागतो.

मी


२७ मार्च, शुक्रवार, दुपारी दोन

अगं,

फुलं टबात बुडवून ठेवलीत. तासभर मला काहीच करता येणार नाही. नुसतं बसलो तर वेड लागेल, म्हणून लिहितोय.

काल सकाळी मावशीकडून चाळीस दांडे आणले. पांढरी आणि हिरवट पिवळी, टपोरी, एकेक फूल तळहाताएवढं. बादल्या स्वयंपाकघरात ठेवल्या, कारण तिथं ऊन येत नाही. मला वाटलं, किती शहाणपणा केला. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या वहिनींनी बुधवारी केळ्यांचा अख्खा घड दिला होता, "एकटे आहात, खा" म्हणून. तो बादल्यांच्या वर, फळीवर. शेजारी सफरचंदांची परडी.

आज बाराला बघितलं तर निम्मी फुलं मिटायला आलेली. मधल्या पाकळीचा रंग बदललाय, ज्या पाकळीला मावशी ओठ म्हणते, ती लालसर पडलीय. पाणी बरोबर, कापलं बरोबर, ऊन नाही. मावशीला फोन लावला. तिनं एकच प्रश्न विचारला, "फळं कुठंयत?"

पिकणाऱ्या फळांमधून वायू सुटतो म्हणे. त्यानं ऑर्किडं म्हातारी होतात. एका रात्रीत. तुझ्या खोलीत तू कधी सफरचंदसुद्धा खाऊ द्यायची नाहीस. मी म्हणायचो, खाण्यावरही बंदी! आणि मुद्दाम दारात उभा राहून खायचो. कारण मात्र कधी विचारलं नाही.

मावशीकडं आता मोठी फुलं नाहीत, सोमवारपर्यंत येणार नाहीत. चौकातल्याकडं असतील. मी त्याच्याकडं जाणार नाही. तू म्हणशील, अजून मस्ती आहेच. आहे.

केळी वहिनींच्या दारात नेऊन ठेवली. त्या म्हणाल्या, "आवडली नाहीत का?" मी म्हटलं, "वहिनी, फार आवडली, पण फुलांना नाही आवडली." त्यांनी काळजीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

ज्यांचे ओठ लाल झाले, त्यांचं काही होत नाही. ती बाजूला काढली. जी नुसती मऊ पडलीत, ती कोमट पाण्यात आडवी बुडवलीत, फुलांसकट. मावशी म्हणाली, उठली तर उठली.

तीन वाजले. काढून बघितली. चौदा दांडे ताठ झाले. चाळीसमधले चौदा.

माझं ड्रॉइंग चाळीसचं होतं. ते फाडलं. तुझी रचना मनात आणतोय. तू जागा सोडायचीस. मी मागून यायचो आणि म्हणायचो, "इथं अजून दोन बसतील की." तू म्हणायचीस, "बसतील. पण मग ही दिसणार नाहीत." मला तेव्हा वाटायचं, फुलं कमी पडली म्हणून सारवासारव करतेय.

चौदांत होईल. झालीच पाहिजे. लागतो कामाला.


२९ मार्च, रविवार

अगं,

काल काय झालं ते सरळ सांगतो.

रचना उभी राहिली. चांगली झाली का, ते मला सांगता येत नाही. एका बाजूनं उंच तीन, मग खाली बरीच मोकळी जागा, आणि टेबलाच्या काठाकडं झुकलेली बाकीची. चारी बाजूंनी फिरून बघितलं, कुठूनही फुलांची पाठ दिसत नव्हती. सकाळी टॅक्सीत मांडीवर घेऊन गेलो. ड्रायव्हरला तीनदा सांगितलं, हळू. चौथ्यांदा तो म्हणाला, "काका, मी उतरून ढकलू का गाडी?"

फीत कापली, टाळ्या झाल्या. लोक टेबलाभोवती उभे राहिले. मी भिंतीला टेकून होतो. डॉक्टरीणबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "ही आमच्या ऑर्किडवाल्या बाईंची कमाल. त्या आज तब्येतीमुळं आल्या नाहीत. त्यांचे मिस्टर आलेत." आणि सगळे माझ्याकडं वळले. त्या दोन मोठ्या हॉस्पिटलांची माणसंही वळली.

इथं गप्प बसलो असतो तर तुला चार ठिकाणचं काम मिळालं असतं. मी घरून तेच ठरवून निघालो होतो, तुझ्या नावानं घ्यायचं आणि तुला नेऊन द्यायचं. पण मग मनात आलं, तुला न विचारता तुझ्या वतीनं ठरवायचं, हेच तर मी करत आलोय.

म्हणून पुढं गेलो. म्हटलं, "तिची तब्येत ठणठणीत आहे. गुडघ्याचं मी खोटं सांगितलं. सात सोमवार फुलं मी लावतोय आणि हीसुद्धा मीच केलीय. ती घर सोडून गेली, कारण तिची झाडं मी मारली. चुकून नाही, जाणूनबुजून. तिनं केली असती तर याहून कितीतरी चांगली झाली असती. हे कौतुक तुम्ही भलत्या माणसाचं करताय."

कोणाच्या तरी हातातला कप बशीवर वाजला. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, हे आजच सांगायला हवं होतं का?" मी म्हटलं, "हो. कारण आज तुम्ही तिचं नाव सगळ्यांसमोर घेतलंत."

मग रिसेप्शनवरच्या बाईंना मेहुणीबाईंचा नंबर दिला. सोमवारपासून फुलं मी आणणार नाही, असं सांगितलं. काम द्यायचं की नाही ते त्यांनी तुझ्याशी बोलून ठरवावं आणि घ्यायचं की नाही ते तू. कदाचित माझ्या बोलण्यानं सगळंच हातचं गेलं असेल. तसं असेल तर तेही माझ्याच खात्यावर मांड.

मागची खोली झाडून ठेवलीय. तुझं सामान हवं असेल तर निरोप दे, बांधून पाठवतो. काहीही नीट करणार नाही. जसं आहे तसं.

मी


२ एप्रिल, गुरुवार

अहो,

तुमची सगळी पत्रं मिळाली. कुंड्या एकतीस नाही, बत्तीस मेल्या. बाथरूमच्या खिडकीतलं विसरलात.

तुम्हाला ऐकू आलं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन खोल्यांपलीकडं डब्याचं झाकण निघालं की तुम्हाला कळतं. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. पण तुम्ही ते 'थोडी आजारी पडतील आणि तू घरात राहशील' असं लिहिलंत, ते मी चार वेळा वाचलं आणि दोन दिवस बहिणीशीसुद्धा बोलले नाही. झाडं पुन्हा लावता येतात. मी यापुढं जिथं जिथं जाईन, तिथून परत येताना हा माणूस घरात काय करून बसला असेल, अशी भीती मला आता वाटणार. ती तुम्ही मला दिलीत. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुम्ही मला घाई करायची नाही.

साहेबांच्या घरच्या त्या बाईंचं. मी तुमची कीव केली नव्हती. मला तिचा राग आला होता. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन रविवारीच आला. काम माझंच आहे. आणखी एका हॉस्पिटलनं बोलावलंय. दुसरं म्हणालं, घरगुती भानगडी नकोत. ते गेलं. या सोमवारची फुलं मी इथूनच दिली. बहिणीची पुढची खोली घेतलीय, उजेड चांगला आहे. मागच्या खोलीतलं सामान पाठवून द्या, फळ्यांसकट.

रिसेप्शनवरच्या बाईंनी तुमच्या रचनेचा फोटो पाठवला. उंच तिन्ही दांड्यांतला मधला दोन बोटं जास्त आहे. खालची एक नळी उघडी दिसते. मोकळी जागा बरोबर सोडलीत. ती मला जमायला सहा वर्षं लागली होती, म्हणून फोटो बघून थोडं वाईटही वाटलं.

मी परत कधी येणार, हे विचारू नका. विचारलंत तर उत्तर 'नाही' आहे. न विचारता आलात तर इथं काम आहे. सोमवारी सकाळी सातला मावशीची फुलं येतात. बादल्या जड असतात आणि बहिणीची पाठ दुखते.